मेरिटच्या तक्त्यात मिनिटांचा रकाना कुठे आहे?

आरक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास अंगावर येतो. चहाच्या टपरीवर येतो, ऑफिसात येतो, पुरोगामी म्हणवणाऱ्या मित्राच्या घरी जेवताना येतो. "मग क्रिकेटच्या टीममध्येही आरक्षण ठेवा की! ऑलिंपिकलाही कोट्यातूनच पाठवा!" विचारणारा हसतो, आजूबाजूचे हसतात आणि आपली पोरं गप्प बसतात. कारण खेळ म्हणजे मेरिटचा शेवटचा, न ढासळणारा बुरूज, असं आपल्यालाही आतून कुठेतरी पटलेलं असतं. मैदानावर कोण जात विचारतं? बॉल बास्केटमध्ये गेला की गेला. आकडे खोटं बोलत नाहीत.

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनीच देता येतं. क्रिकेटकडे मी नंतर येते. आधी बास्केटबॉलच्या सामन्याचा आकडेवारीचा तक्ता बघू. तो नीट वाचला तर मेरिट कोण मोजतं आणि मोजायच्या आधीच काय काय ठरून गेलेलं असतं, ते त्यात छापलेलं सापडतं.

४ ऑक्टोबर २०१९. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगचा भारतातला पहिला सामना झाला. हंगामपूर्व सामना, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. प्रेक्षकांत सुमारे ३ हजार शाळकरी मुलं. जादा वेळेपर्यंत ताणला गेलेला सामना पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. पेसर्सच्या टी. जे. वॉरनने ३० गुण केले, किंग्जच्या बडी हील्डने २८. दुसऱ्या दिवशीचा सामना एकतर्फी झाला, १३०-१०६. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे. त्यामुळे आपल्या वर्तमानपत्रांना 'मराठी माणूस एनबीएत' हा मथळा आयताच मिळाला. याच वरळीत बीडीडी चाळी आहेत. ५ जानेवारी १९७४ ला तिथे पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि पाच दिवसांनी निघालेल्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं आणि वरळीचं नातं एनबीएने येऊन जोडलेलं नाही. १९७२ ला आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव घेतलं तेव्हाच ते जोडलं गेलं होतं.

पण मला सांगायचंय ते तक्त्याबद्दल. एनबीएच्या प्रत्येक सामन्यानंतर असा तक्ता निघतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पहिला रकाना मिनिटांचा, म्हणजे तो किती वेळ कोर्टवर होता. मग किती वेळा बास्केटवर बॉल टाकला, किती वेळा गेला, रिबाउंड किती, असिस्ट किती, किती वेळा बॉल हिसकावला, किती वेळा गमावला, फाऊल किती, आणि शेवटी एकूण गुण. ज्याला तक्ता वाचता येतो तो गुणांवर थांबत नाही, मिनिटांकडे बघतो. ३८ मिनिटांत २० गुण आणि १४ मिनिटांत १२ गुण यांत कोण सरस, हे मिनिटं पाहिल्याशिवाय ठरतच नाही.

आणि तळाला काही नावं अशी असतात ज्यांच्यापुढे एकही आकडा नसतो. तिथे तीन अक्षरं असतात: डीएनपी. डिड नॉट प्ले, खेळला नाही. पुढे कारण दिलेलं असतं. दुखापत असेल तर दुखापत. ती नसेल तर लिहिलेलं असतं 'कोचेस डिसिजन', म्हणजे प्रशिक्षकाचा निर्णय.

मला हे फार प्रामाणिक वाटतं. तो माणूस तिथे होता, कपडे घालून तयार होता, खेळण्याजोगा होता, पण त्याला उतरवलं नाही, आणि कुणी उतरवलं नाही तेही नोंदवलेलं. त्याच्यापुढे शून्य लिहीत नाहीत. ज्याने दहा वेळा बॉल टाकला आणि एकदाही गेला नाही, त्याचं शून्य वेगळं. ज्याच्या हातात बॉल आलाच नाही, त्याला शून्य देत नाहीत.

आपल्याकडच्या मेरिटच्या चर्चेत हा फरक कुणी करतं का? आयआयटीचे प्राध्यापक, उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, वर्तमानपत्रांचे संपादक यांच्या यादीत आमची नावं का नाहीत, याचं उत्तर काय मिळतं? 'लायक उमेदवार मिळाला नाही.' सरकारी भाषेत तर त्याला ठरलेला शब्दच आहे, 'नॉट फाऊंड सुटेबल'. डीएनपीवाल्याच्या नावापुढे शून्य लिहायचं आणि ते शून्य त्याच्या रक्तात आहे असं समजायचं, हा आपला तक्ता.

शाळेत असताना मी हे अगदी टेबलावर बसून पाहिलंय. सातपूरच्या कामगार वस्तीतली मी. आठवी-नववीत शाळेच्या बास्केटबॉलच्या सरावाला जायचे. उंची बरी होती, पळायचे चांगली. दोन वर्षं सराव केला, पण बारा जणींच्या संघात नाव आलं नाही. सर म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू टेबलवर बस." मग आंतरशालेय स्पर्धांमध्ये मी स्कोअरशीट भरायचे. लाल आणि निळी अशी दोन पेनं, पाव पाव डावाला पेन बदलायचं. त्या कागदावर बारा नावं लिहिलेली असतात. जी मुलगी कोर्टवर उतरेल तिच्या नावापुढे बारीक फुली मारायची. सुरुवातीच्या पाच जणींच्या फुलीला गोल करायचा. सामना संपला की उरलेल्या मोकळ्या घरांवर आडवी रेघ.

आमच्या बाजूच्या दोन मुली त्या बारांत होत्या, यादीत अगदी शेवटी. त्यांच्या नावापुढे मी फुली मारल्याचं मला एकदाच आठवतं, तेही सामना हातात आल्यावर शेवटच्या दोन मिनिटांसाठी. गोलातल्या पाच फुल्या कायम त्याच मुलींच्या. त्या पहाटे खासगी क्लबात कोचिंगला जायच्या, त्यांच्याकडे बास्केटबॉलचे बूट होते, त्यांना सोडायला घरची गाडी यायची. त्या वाईट खेळायच्या असं मी म्हणणार नाही. चांगल्याच खेळायच्या. रोज दोन तास खेळायला मिळालं तर माणूस चांगला खेळतोच. सरही काही दुष्ट नव्हते. त्यांना सामना जिंकायचा होता आणि 'तयार' मुली त्यांच्यासमोर होत्या. जातीचा उल्लेख त्या दोन वर्षांत कुणी एकदाही केला नाही. तशी गरजच पडली नाही.

पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द वाचला तेव्हा मला प्राध्यापकांनी समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या डोळ्यासमोर ते गोलातले पाच क्रॉस होते.

आता अमेरिकेतल्या आकड्यांकडे येऊ. एनबीएची सुरुवात १९४६ ची, तेव्हा तिचं नाव बीएए होतं. पहिल्या चार हंगामांत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. म्हणजे १९५० च्या उन्हाळ्यात एखाद्याने चार वर्षांचे सगळे तक्ते समोर ठेवून मेरिटचा हिशेब मांडला असता, तर आकड्यांनी काय सांगितलं असतं? काळ्या माणसाचे गुण शून्य, रिबाउंड शून्य. बास्केटबॉल त्यांना जमत नाही, आणखी काय! आणि याच काळात, फेब्रुवारी १९४८ मध्ये, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाने मिनियापोलिस लेकर्स या गोऱ्यांच्या बलाढ्य संघाला शिकागोत ६१-५९ असं हरवलं होतं. लोक ग्लोबट्रॉटर्सकडे करमणूक करणारे म्हणून बघायचे, तमाशातल्या सोंगाड्याकडे बघावं तसं. तो सामना लीगच्या तक्त्यात नाही.

३१ ऑक्टोबर १९५० ला अर्ल लॉइड वॉशिंग्टनकडून कोर्टवर उतरला. त्या लीगमध्ये खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याने ६ गुण केले. आज त्या लीगमधले सुमारे सत्तर टक्के खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. १९५० च्या ऑक्टोबरात कुणाचं रक्त बदललं नाही, कुणाची उंची वाढली नाही. बदलला तो मिनिटांचा रकाना.

दार उघडल्यावरही मोजणी सरळ झाली असं नाही. बारा वर्षांनी, २ मार्च १९६२ ला, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. आजवर दुसऱ्या कुणाला ते जमलेलं नाही. फिलाडेल्फिया १६९, न्यूयॉर्क १४७. या सामन्याचं टीव्हीवर चित्रीकरण झालं नव्हतं. हाती उरला तो आकडेवारीचा कागद आणि शेवटच्या भागाचं रेडिओवरचं ध्वनिमुद्रण. कागद सांगतो की विल्टने ६३ पैकी ३६ वेळा बॉल बास्केटमध्ये टाकला, ३२ पैकी २८ फ्री थ्रो घातले आणि २५ रिबाउंड घेतले. त्याच कागदावर अल ॲटल्स नावाचा त्याचा सहकारी आहे: ८ पैकी ८, आणि एकाला एक फ्री थ्रो. त्या रात्री तो एकदाही चुकला नाही. त्याचे १७ गुण कुणाला आठवत नाहीत, पण कागदाने जपून ठेवले.

(२ मार्च ही तारीख वाचून नाशिककर जयभीमवाला थबकणारच. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या पंचवटीत सुरू झाला. योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली ती त्यामुळेच.)

पण हाच कागद काय सांगत नाही तेही बघा. चेंबरलेन आणि बिल रसेल हे दोघे समोरच्याचा बास्केटकडे जाणारा बॉल हवेत अडवण्यात अद्वितीय होते. या कृतीला ब्लॉक म्हणतात. एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता आणि चेंबरलेन १९७३ मध्ये. तेरा हंगामांत बोस्टनला अकरा विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रसेलच्या नावावर अधिकृत नोंदीत एकही ब्लॉक नाही. त्याने अडवलेले बॉल हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले, पण रकानाच नव्हता. बचाव हे कष्टाचं काम, गुण करणं चमकदार. आधी काय मोजलं गेलं ते सांगायला नको. ज्या समाजात मैला वाहणाऱ्याच्या कामाला कौशल्य म्हणत नाहीत आणि पोथी पाठ करणाऱ्याला विद्वान म्हणतात, त्या समाजातल्या आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही.

आता क्रिकेट. त्या हसणाऱ्या माणसाला मी नेहमी बाळू पालवणकरांचे आकडे सांगते. १९११ चा इंग्लंड दौरा. चर्मकार समाजातल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पुण्यात क्लबाचं मैदान राखण्याच्या कामापासून सुरुवात केलेला, इंग्रजांना नेटमध्ये बॉल टाकून टाकून तयार झालेला माणूस. हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं, कारण बळी हवे होते. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. बळींचा रकाना होता म्हणून ११४ लपवता आले नाहीत. पण कर्णधारपद कुठल्या रकान्यात मोजणार? ते 'निवड' या सदरात येतं. निवड बंद खोलीत होते आणि तिचा तक्ता निघत नाही. बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. १९२० मध्ये त्यांना डावललं गेलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली. या झगड्यानंतर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. आणि १९११ च्या दौऱ्याचा कर्णधार कोण होता? पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. ते त्या दौऱ्यातले बहुतेक सामने खेळलेच नाहीत. मेरिट!

(बाळूंना पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं आणि बाबासाहेब जिंकले. त्यामुळे आपल्याकडे काही जण बाळूंचं नाव घ्यायला कचरतात. मला ते पटत नाही. त्यांचे ११४ बळी काँग्रेसचे नव्हते.)

"टीममध्ये आरक्षण ठेवाल का?" याचं थेट उत्तरही आहे. ठेवलंय. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने २०१६ पासून हंगामाची सरासरी धरून संघात सहा बिगरगोरे खेळाडू, त्यांत दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन, असं लक्ष्य ठरवलं. टेम्बा बवुमाला 'कोट्यातला' म्हणून किती हिणवलं गेलं! जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी विश्वविजेतेपद घेणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार तोच होता, आणि त्या सामन्यात ९ बळी घेणारा कागिसो रबाडा.

आणि त्या एनबीएचंच घ्या, जिथे म्हणे सगळा खुला बाजार आहे. तिथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. उत्तम नवा खेळाडू कुणाला मिळणार? सगळ्यांत जास्त पैसे देणाऱ्याला नाही, विजेत्याला तर नाहीच. जे संघ सर्वांत जास्त हरले, त्यांना वरची निवड मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. सोडतीत सर्वांत कमकुवत तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी. लीगमध्ये सर्वाधिक सामने जिंकणारा रांगेत शेवटी. मुंबईत आलेला सॅक्रामेंटोचा संघ २००६ नंतर बाद फेरीत पोचलाच नव्हता. वर्षामागून वर्षं तो या व्यवस्थेचा लाभार्थी होता. २०१८ मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. म्हणजे आपल्या मराठी उद्योजकाचा संघ मागासलेपणाच्या निकषावर प्राधान्य घेत होता. कुणी म्हणालं का की रणदिवेंचा संघ कोट्यातला आहे? कुणी विचारलं का की किती पिढ्या घेणार? नाही, कारण त्या लीगला एक साधी गोष्ट कळते: कालचा विजेता उद्याही सगळं घेऊन जाणार असेल तर सामन्याला अर्थ राहत नाही.

आणखी एक गंमत. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. असावंच, माझा विरोध नाही. पण खेळाच्या मैदानाचा दाखला देऊन आमच्या आरक्षणावर हसणारे या आरक्षणाविषयी अवाक्षर काढत नाहीत. २०१५ मध्ये आपल्याकडे युबीए नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आली, तिच्यातल्या पुण्याच्या संघाचं नाव होतं 'पुणे पेशवाज'. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणता प्रेक्षक होता, हे भीमा कोरेगावला जाणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको.

मात्र एनबीएला डोक्यावर घेण्याचाही माझा विचार नाही. कोर्टवर सत्तर टक्के काळे, पण मालकांच्या खोलीत? कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पहिल्यांदा आला १९६६ मध्ये, बिल रसेलच. बहुसंख्य हिस्सा असलेला पहिला कृष्णवर्णीय मालक रॉबर्ट जॉन्सन, त्याला संघ मिळाला डिसेंबर २००२ मध्ये. त्याच्यानंतर मायकेल जॉर्डन, त्यानेही २०२३ मध्ये आपला बहुसंख्य हिस्सा विकला. हे आकडे सामन्याच्या तक्त्यात नसतात. ते बाहेर आले कारण रिचर्ड लॅपचिक यांच्यासारख्या अभ्यासकांनी मालक, प्रशिक्षक, व्यवस्थापक यांचीही वंशानुसार मोजणी करून लीगलाच दरवर्षी शाळेसारखं प्रगतिपुस्तक द्यायला सुरुवात केली.

आणि कोर्टबाहेर? १८ मार्च २०१८ ला सॅक्रामेंटोत २२ वर्षांच्या स्टीफन क्लार्कला पोलिसांनी त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. त्याच्या हातात मोबाइल होता. २२ मार्चला निदर्शकांनी किंग्जच्या स्टेडियमची दारं अडवली. सामना उशिरा, जवळपास रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. सामन्यानंतर रणदिवे खेळाडूंसोबत कोर्टवर आले आणि लोकांच्या विरोध करण्याच्या हक्काचा आदर करतो असं बोलले. पुढच्या सामन्यात दोन्ही संघांनी सरावाला क्लार्कचं नाव असलेले शर्ट घातले. मला रणदिवेंचं त्याबद्दल कौतुक आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. खैरलांजी झाली, रोहित वेमुला गेला, हाथरस झालं. आपल्या लीगच्या एखाद्या तरी मालकाने, मराठी किंवा अमराठी, सामना संपल्यावर माईक हातात घेतला का?

मोजणीवर माझा एवढा जीव का, ते सांगते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात आपल्या विद्यार्थ्यांकडून हाताने रंगवून घेतलेले तक्ते मांडले होते. जॉर्जियातल्या काळ्या लोकांकडे जमीन किती, साक्षर किती, कोणता धंदा करतात. ज्यांच्याविषयी 'यांना काही येत नाही' म्हटलं जात होतं, त्यांची मिनिटं त्याने मोजून दाखवली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉईसना पत्र लिहिलं. आम्हाला एम.ए.ला दोन वर्षांत ड्यू बॉईसचं नाव कुणी सांगितलं नाही, मला ते बाबासाहेबांच्या पत्रामुळे सापडलं. बाबासाहेब स्वतः आकड्यांचा माणूस. १९१९ ची साउथबरो समितीपुढची साक्ष बघा. १९३२ च्या लोथियन समितीच्या वेळी तर अस्पृश्यांची संख्या कमी दाखवण्यासाठी काही प्रांतांतल्या सवर्णांनी किती आटापिटा केला, ते त्यांनीच लिहून ठेवलंय. संख्या कमी दिसली की जागा कमी. भांडण मोजणीपासूनच सुरू होतं.

म्हणून आता मुद्द्याचं. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची मोजणी जनगणनेत होणार आहे. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला तसा निर्णय घेतला आणि गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. बिहारने २०२३ मध्ये आपल्यापुरती मोजणी केली तेव्हा अतिमागास ३६.०१ टक्के आणि खुला वर्ग १५.५२ टक्के निघाला. कोणाच्या मिनिटांवर कोण खेळत होतं ते दिसलं.

आपल्या तरुणांत मात्र एक वाद चाललाय. "आम्ही बौद्ध आहोत. जातीअंत हे ध्येय आहे. मग जातीच्या रकान्यात काय म्हणून लिहायचं?" भावना मला समजते, माझ्याही घरात हा वाद झालाय. पण माझं मत स्पष्ट आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायचं, तिथे कुणाच्या दबावाखाली दुसरं काही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी बौद्ध लिहिलं, ती संख्या आपण कमवलेली आहे. आणि जातीच्या रकान्यात जातीचं नाव लिहायचं. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या याच नोंदीच्या आधारावर. जात लिहिली म्हणजे जात मानली असं होत नाही. डीएनपी लिहिणारा माणूस बाकावर बसवण्याचं समर्थन करत नसतो. रकाना मोकळा सोडला तर त्यावर आडवी रेघ मारणारं कुणीतरी टेबलवर बसलेलंच असतं, हे मी पेन हातात धरून शिकले आहे.

सध्या आमच्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची पोरं वस्तीचा एक तक्ता करतायत. कल्पना बास्केटबॉलच्या कागदावरूनच घेतली. घरटी एक ओळ. शाळेत किती वर्षं, क्लास होता का, घरात अभ्यासाला जागा होती का, रोज किती तास काम, कोणत्या वर्षी शिक्षण सुटलं. आणि शेवटचा रकाना: 'निर्णय कुणाचा?' मुलांना सांगितलंय, 'नापास' हे कारण लिहायचं नाही, त्याच्या मागे जायचं. आतापर्यंत त्या रकान्यात 'पप्पा' आलंय, 'कंपनी बंद', 'लग्न', 'सर म्हणाले आयटीआय कर', 'फी' आणि 'बस नव्हती'. एका नववीतल्या पोरीने स्वतःच्या आईच्या ओळीत काय लिहायचं म्हणून कागद माझ्याकडे आणला. आई सातवीत पहिली आली होती, आठवीत गेलीच नाही. पोरगी म्हणाली, "ताई, आई म्हणते कुणी ठरवलंच नाही, तसंच झालं. मग काय लिहू?" मी तिला तो रकाना मोकळा ठेवून पुन्हा आजीला विचारायला पाठवलंय.

अजून तीन गल्ल्या राहिल्यात. दर रविवारी संध्याकाळी पाचनंतर आम्ही बसतो. नाशिकमध्ये असाल तर या, पेन घेऊन या.

जयभीम.